मेलेल्या इंजिनांची राखण

एल्वुडच्या पायांना बोटं नव्हती हे हेमलॉक रन या आमच्या गावात सगळ्यांना माहीत होतं, पण ती कशी गेली ते आता कुणी नीट सांगत नाही. कुणी म्हणतं हरणाच्या शिकारीला गेला आणि बर्फात वाट चुकला. कुणी म्हणतं पिऊन पडला होता. गावच्या बंबवाल्यांच्या फायर हॉलमध्ये बिंगोच्या खेळाच्या वेळी एक बाई माझ्या तोंडावर म्हणली, तुमच्या भावाला साखरेचा आजार होता ना. मी म्हणलं, नाही, त्याला रेल्वेचा आजार होता. ती हसली. मी विनोद केला नव्हता.

मी अर्डिस, त्याची पाठची बहीण. आमचे वडील रुळांवर काम करायचे, मोठ्या रेल्वे कंपनीच्या गँगमध्ये, रुळांखाली स्लीपर घालणं, खडी ठोकणं. एल्वुड इंजिनाच्या शेडमध्ये फिटर म्हणून लागला. हाताला चांगला होता. पण त्याच्या मनात एकच होतं, ड्रायव्हरच्या जागेवर बसायचं. आता बाहेरच्या माणसाला वाटेल त्यात काय, इंजिन दुरुस्त करतो तो चालवेलच की. तसं नसतं. मोठ्या रेल्वेत फिटरांची बढतीची रांग वेगळी आणि ड्रायव्हरांची रांग वेगळी, संघटना पण वेगळी. या रांगेतनं त्या रांगेत गेलं की सगळ्यात खाली, कालच्या पोराच्या पण खाली, आणि तोपर्यंत त्याचं लग्न झालेलं, लोर्ना पोटुशी. मग राहिला फिटरच. इंजिन शेडच्या दारातनं पाण्याच्या टाकीपर्यंत न्यायचं आणि परत आणायचं, एवढं फिटरला चालवता येतं. टाकीच्या पुढं सांधा आहे, गाडी रूळ बदलते ती जागा. सांध्याच्या पलीकडं ड्रायव्हरचं राज्य. एल्वुड रोज त्या सांध्यापर्यंत जायचा आणि माघारी यायचा.

मग मोठ्या रेल्वेनं आमच्या गावाला येणारा फाटाच सोडून दिला. परवडत नाही म्हणे. गावातल्या लाकडाच्या वखारीचा मालक मर्ल हॅझेन, त्यानं चार लोक गोळा केले आणि फाटा चालवायला घेतला. केटल फोर्क रेल्वे नाव ठेवलं. रेल्वे कसली, डोंगरातनं वळवळत जाणारा एक रूळ, या टोकाला आमचं गाव आणि त्या टोकाला ड्रायबर्ग जंक्शन. मध्ये काचेच्या बाटल्यांचा कारखाना. सगळा कारभार त्या कारखान्याच्या जिवावर. वाळू आत यायची, बाटल्या बाहेर जायच्या. अर्धं गाव तिथं कामाला, मी पण होते, बाटल्या निवडायला.

हॅझेननं सुरुवातीला एक इंजिन भाड्यानं आणलं होतं, ते नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच बंद पडलं. कारखानावाले म्हणले, वसंतापर्यंत तुमचं काही जमलं नाही तर आम्ही ट्रक लावतो. गाव घाबरलं. आणि नवीन वर्षाच्या दिवशी हॅझेन आमच्या घरी आला.

आम्ही डुकराचं मटण आणि आंबवलेला कोबी घेऊन बसलो होतो. लोर्नानं त्याला पण ताट वाढलं. खाता खाता तो म्हणला, "एल्वुड, इलिनॉयमध्ये एका पोलादाच्या कारखान्याच्या आवारात तीन जुनी डिझेल उभी आहेत. विकायला काढलीत."

"कुठल्या बनावटीची?"

त्यानं सांगितलं. एल्वुडनं काटा खाली ठेवला.

"ती कंपनी कधीच बुडाली मर्ल. सुटे भाग मिळत नाहीत. धूर असा ओकतात की कपडे वाळत घालता येत नाहीत."

"म्हणून तर स्वस्त आहेत. तुला येतात ना ती?"

"मला ती झोपेत येतात."

"झालं तर मग. दोन ओढायला, आणि तिसऱ्याचे भाग काढून दोघांना घालायला. जा, बघून ये. चांगली असली तर घेऊनच ये."

लोर्ना म्हणली, "घेऊनच ये म्हणजे? खिशात घालून आणणार का?"

हॅझेन हसला. म्हणला, दुसऱ्या रेल्वेच्या मालगाडीला मागं जोडून येतील, बंद. पण जुन्या बेअरिंगची इंजिनं अशी मेलेली ओढून न्यायची तर बरोबर माणूस बसवावा लागतो, तशी पद्धत आहे. बेअरिंग तापतंय का बघायला.

"मढ्याची राखण," मी म्हणलं.

"तसंच समज," हॅझेन म्हणला. मग एल्वुडकडं वळला. "तिन्ही घरी आण, एल्वुड, आणि पुढच्या इंजिनातली जागा तुझी. ड्रायव्हरची. माझी रेल्वे आहे, माझ्याकडं रांगा नाहीत."

असंच म्हणला. शब्द न् शब्द. लोर्नानं ऐकलं, मी ऐकलं. एल्वुडनं हॅझेनच्या ताटात आणखी कोबी वाढला. लोर्ना मला नंतर म्हणली, मी लग्नाला हो म्हणले तेव्हा पण याचं तोंड असं झालं नव्हतं.

पुढचं मी तिथं नव्हते. त्यानं सांगितलं ते सांगते, एकदम नाही सांगितलं, वर्षानुवर्षं थोडं थोडं.

तिकडं बर्फ इतका होता की तिन्ही इंजिनं अर्धी गाडलेली. त्यानं झाकणं उघडून बघितली, वाकून बघितली, एक चालू करून त्याचा आवाज ऐकला. म्हणायचा, म्हातारी होती पण सरळ होती. शेवटच्या इंजिनाच्या एका बाजूला बर्फाचा ढीग लावलेला, तिकडून चाकं दिसत नव्हती. तिथला माणूस म्हणला, त्या बाजूचं आम्ही तेल बिल सगळं बघितलंय, काळजी नको. एल्वुडनं ऐकलं. त्याला घाई होती. फावडं मागितलं असतं तर तासाभराचं काम होतं. ते त्यानं स्वतःच मला सांगितलं, मी काढून घेतलं नाही.

या जुन्या इंजिनांच्या चाकाचा आस जिथं फिरतो त्या बेअरिंगला एक पेटी असते, आणि त्या पेटीत तेलात भिजवलेली लोकर कोंबलेली असते. लोकर तेल वर ओढते, आस त्याच्यावर फिरतो. लोकर सुकली की आस तापतो, मग धूर, मग जाळ, मग आसच तुटतो आणि सगळी गाडी आडवी. राखण करणाऱ्याचं काम एवढंच, गाडी थांबली की उतरायचं आणि प्रत्येक पेटीवर तळहात ठेवायचा. हात ठेवून राहता आलं तर ठीक.

पहिल्या दिवशी एक पेटी कोमट लागली म्हणून त्यानं बरोबरची जास्तीची लोकर सगळी तिच्यात घातली. दुसऱ्या दिवशी दुपारी, इंडियानामध्ये कुठंतरी, समोरून गाडी यायची म्हणून यांची गाडी बाजूच्या रुळावर घेतली. हा उतरला. शेवटच्या इंजिनाच्या त्या बाजूची, ढिगाऱ्याच्या बाजूची पेटी, तिच्यातनं धूर येत होता. झाकण उघडलं तर आतली लोकर काळी ठिक्कर, कोरडी. वर्षभर कुणी तेलाचा थेंब घातला नव्हता.

गाडीचा गार्ड बर्फातनं चालत मागं आला. "हे इथंच सोडायचं. काढ जोडणीचा आकडा."

"थांब जरा."

"थांबायचं काय, जळतंय ते. नियम आहे. इथं ठेवू, उन्हाळ्यात येऊन घेऊन जा."

"इथं ठेवलं तर आठवड्यात त्याच्यातलं तांबं कापून नेतील. सांगाडा राहील."

"मग सांगाडा घेऊन जा."

"समोरची गाडी जाईपर्यंत दे मला. तेवढ्यात नाही जमलं तर सोड."

गार्ड वाईट माणूस नव्हता. उभा राहिला सिगारेट ओढत. आणि एल्वुडनं रुळाच्या कडेला बसून बूट काढले. दोन जोड मोजे होते पायात, दोन्ही लोकरीचे. मग मफलर काढला. मग इंजिनात जाऊन आतली लोकरीची विजार काढून आला. पेटीवर बर्फ घालून घालून ती निववली, जळका लगदा आकड्यानं ओढून काढला, आणि हे सगळं तेलाच्या डब्यात बुचकळून आत कोंबलं. लोर्नानं त्याला खारवलेल्या डुकराच्या चरबीचा मोठा तुकडा बांधून दिला होता खायला. तो पण त्यानं आसाच्या वर सारला. जुनी माणसं असं करायची, चरबी वितळून तेलाचं काम करते.

गार्ड म्हणला, "नाश्ता घालतोस काय त्याला?"

"मला भूक नाही. त्याला आहे."

गार्डनं पेटीवर हात ठेवून बघितला. म्हणला, "तू येडा आहेस." आणि पुढं निघून गेला. गाडी निघाली. पेटी तापली नाही. चाळीस वर्षं झाली तरी हे सांगताना एल्वुडचे डोळे चमकायचे, आणि मला त्याला मारावंसं वाटायचं.

कारण मेलेल्या इंजिनात शेगडी नसते. सगळं लोखंड. मोज्यांशिवाय बूट, बूट बर्फानं आणि तेलानं भिजलेले. पुढं ओहायोच्या यार्डात एका रेल्वेकडून दुसऱ्या रेल्वेकडं इंजिनं सोपवायची होती, तिथं काही परवानगीचं घोटाळलं आणि दोन दिवस एका कोपऱ्यात उभं केलं. तिथल्या सांधेवाल्यानं त्याला हाक मारली, ये बाबा खोलीत, शेगडी पेटलेली आहे. हा गेला नाही. यार्डात तांबंचोर फिरतात म्हणे, खोलीतनं इंजिनं दिसत नाहीत. सांधेवाला कॉफी आणून देत होता, ती हा प्यायचा, आणि उरलेली बुटांवर ओतायचा. त्या दिवसांत हॅझेनला फोन लावला होता त्यानं, सांधेवाल्याच्या खोलीतनं, मिनिटभर. सांगितलं, पाय बधिर झालेत. हॅझेन म्हणला, "आता घराजवळ आलास. सोडून येऊ नकोस. जागा तुझी वाट बघतेय."

तो आला त्या दिवशी सगळं गाव ड्रायबर्ग जंक्शनला. कारखान्यानं आम्हाला अर्धी सुट्टी दिली होती. शाळेचा बँड आलेला, थंडीनं पोरांचे ओठ पिपाण्यांना चिकटत होते. तीन इंजिनं, गंज चढलेली, छपरावर बर्फ. लोक टाळ्या वाजवत होते. हॅझेननं पेपरवाल्याला बोलावलं होतं.

"उतर एल्वुड, फोटो काढू," तो खालून ओरडला.

एल्वुड दारात आला आणि तिथंच बसला. मग उलटा होऊन, गुडघ्यांवर, एकेक पायरी उतरला. लोकांना वाटलं गंमत करतोय, हसले. फोटोत तो हॅझेनच्या खांद्याला धरून उभा आहे आणि सगळ्यांना वाटतं की दोघं किती जिवलग. तो खांद्याला धरला होता कारण धरलं नसतं तर पडला असता. मी जवळ गेले तर बुटांना वास येत होता. लोर्ना म्हणली, बूट काढ. तो म्हणला, घरी गेल्यावर.

घरी नाही, दवाखान्यात कापून काढले बूट. डॉक्टरनं दोन्ही पायांची सगळी बोटं काढली, आणि उजव्या पायाचा थोडा पुढचा भाग पण. शुद्धीवर आल्यावर एल्वुडनं पहिलं काय विचारलं असेल. "पेटी बघितली का कुणी? ते मोजे काढून नीट लोकर भरायला पाहिजे."

लोर्ना बाहेर जाऊन ओकली.

वसंतापर्यंत हा कुबड्यांवर शेडमध्ये. तीनातली दोन यानं उभी केली, तिसऱ्याचं पोट फाडून. कारखान्याचे ट्रक टळले. गावात सगळे हॅझेनची वाहवा करायला लागले, बघा कसा वाचवला फाटा. आणि ज्या दिवशी पहिली गाडी वाळू आणायला जाणार त्या सकाळी एल्वुड नवी टोपी घालून गेला. इंजिनात ड्रायव्हरच्या जागेवर क्लेटन बसलेला. क्लेटन म्हणजे हॅझेनच्या बहिणीचा जावई, आधी दुधाचा टँकर चालवायचा.

"क्लेटन तात्पुरता आहे," हॅझेन म्हणला. "तुझे पाय बरे होऊ दे."

"बरे म्हणजे? परत उगवणारेत का?"

"तसं नाही रे. ते पॅडल आहे ना."

ड्रायव्हरच्या पायाशी एक पॅडल असतं. ते सतत दाबून धरायचं. ड्रायव्हर मेला बिला, पाय सुटला, की शिट्टी होते आणि गाडी आपोआप थांबते. हॅझेन म्हणला, बोटांशिवाय ते कसं धरणार, विमेवाले मला सोडणार नाहीत.

एल्वुड घरी आला आणि पडवीत बसून लाकूड तासायला लागला. बुटात बसेल असा ठोकळा केला, बोटांच्या जागी, वर चामडं ठोकलं. मग एका दुपारी शेडमध्ये हॅझेनला घेऊन गेला. मी त्याचा डबा घेऊन गेले होते म्हणून मी बघितलं. इंजिन उभं होतं, चालू. एल्वुड जागेवर बसला, पॅडलवर पाय ठेवला. म्हणला, "तुमचं जेवण होईपर्यंत धरतो. शिट्टी झाली तर परत विचारणार नाही."

हॅझेन शेजारच्या स्टुलावर बसला आणि जेवला. सँडविच खाल्लं, लोणच्याची काकडी खाल्ली, थर्मासमधली कॉफी घेतली, सफरचंद सोललं. एल्वुडच्या कपाळावरनं घाम गळत होता, पण शिट्टी झाली नाही. हॅझेननं रुमालानं तोंड पुसलं.

"छान," म्हणला. "खरंच छान. मी विमेवाल्यांशी बोलतो."

आणि गेला. एल्वुड तसाच बसला होता. मी म्हणलं, "सोड आता, तो गेला." त्यानं पाय उचलला, शिट्टी झाली, आणि तो हसला. "बघितलंस अर्डिस? शेवटपर्यंत धरलं." बुटातनं रक्त येत होतं.

विमेवाल्यांशी हॅझेन काय बोलला, बोलला की नाही, देव जाणे. एल्वुडनं परत विचारलं नाही. मी म्हणायचे, विचार. लोर्ना म्हणायची, विचार. तो म्हणायचा, "त्यानं कबूल केलंय. त्याला आठवतंय. कबूल केलेलं मागायचं नसतं."

"मग काय करायचं असतं?"

"ते आलं की घ्यायचं असतं."

एवढा मोठा बाप्या आणि असं बोलायचा. क्लेटन तात्पुरता म्हणून बसला तो पेन्शनीपर्यंत बसला. त्याच्या मागनं त्याचा मुलगा बसला. एल्वुड शेडमध्ये. इंजिन टाकीपर्यंत न्यायचं आणि परत आणायचं. त्या दोन इंजिनांना त्यानं कसं जिवंत ठेवलं ते त्यालाच ठाऊक, भाग मिळत नव्हते म्हणून ट्रॅक्टरचे भाग घासून बसवले, एकदा लोर्नाच्या शिलाई मशीनचा पट्टा नेला. क्लेटनला नीट चालवता पण येत नव्हतं. चढावर चाकं घसरवायचा, आणि मग शेडमध्ये येऊन म्हणायचा, "तुझी म्हातारी आज रुसली बघ." एल्वुड म्हणायचा, "ठेव, बघतो."

मी एकदा भांडले त्याच्याशी. चांगलं भांडले. म्हणलं, जंक्शनला मोठी रेल्वे फिटर शोधतेय, जा तिकडं. निदान हॅझेनचं तोंड बघायला नको. तो म्हणला, "आणि यांचं कोण करणार?" यांचं म्हणजे इंजिनांचं. मी म्हणलं, "तुझे पाय खाल्ले त्यांनी." तर म्हणतो, "त्यांनी नाही, थंडीनं." बोलायची सोयच नव्हती.

मग काचेचा कारखाना बंद पडला. ट्रकमुळं नाही, प्लास्टिकच्या बाटल्यांमुळं. मी घरी बसले, अर्धं गाव घरी बसलं. रेल्वे पण बंद होणार असं वाटलं. पण तोपर्यंत ती इंजिनं इतकी म्हातारी झाली होती की लोक लांबनं बघायला यायला लागले. देशात त्या बनावटीची फार राहिली नव्हती म्हणे. कॅमेरे घेऊन यायचे, आमच्या अंगणात उभं राहून धुराचे फोटो काढायचे, माझ्या धुण्यावर काजळी पडायची ती पण त्यांना छान वाटायची. हॅझेनच्या मुलानं डोकं चालवलं. शनिवार रविवारी माणसांचे डबे जोडले. आणि पाटी लावली, पैसे भरा आणि तासभर इंजिन स्वतः चालवा.

पहिल्यांदा मी ती पाटी बघितली तेव्हा मला वाटलं माझं वाचायला चुकलं. मी काही फार शिकलेली नाही. पण चुकलं नव्हतं. फिलाडेल्फियाचे दातांचे डॉक्टर, विमा विकणारे, कुणाच्या बायकोनं वाढदिवसाची भेट दिलेला कुणी, ज्यानं जन्मात इंजिनाला हात लावला नाही, तो पण पट्ट्यापट्ट्यांची टोपी घालून ड्रायव्हरच्या जागेवर. सांध्याच्या पलीकडं, पार जंक्शनपर्यंत. आणि त्यांच्या मागं उभं राहून सांगायला कोण, तर एल्वुड. हे दाबा, हे ओढा, आता शिट्टी वाजवा. विमेवाल्यांना आता चालत होतं.

मी विचारलं, "तुला काही वाटत नाही?"

तो म्हणला, "काही जणांचा हात चांगला आहे."

एकदा एक बाई आली, शाळेत शिकवणारी, एकटीच. तिनं निम्म्या वाटेत इंजिन थांबवलं आणि एल्वुडला विचारलं, तुम्ही किती वर्षं चालवता. हा म्हणला, मी चालवत नाही, मी फिटर. तिला खरं वाटेना. मग तिनं काढूनच घेतलं याच्याकडनं, पायांचं, जागेचं, सगळं. आणि ती उठली. म्हणली, "बसा. माझा तास आहे, मी पैसे भरलेत, मी तुम्हाला देते. इथं कोण बघतंय?"

ते डोंगरात होते, खरंच कुणी बघत नव्हतं. एल्वुडनं मला सांगितलं की तो बसला. हातात दांडा धरला, पॅडलवर पाय ठेवला. बाई मागं उभी. खाली ओढा वाहत होता. आणि तो उठला. म्हणला, "थँक यू बाई. तुमचा तास आहे, तुम्हीच न्या."

मी त्याला म्हणलं, "का रे? का उठलास?"

"तिनं नव्हतं कबूल केलं," तो म्हणला.

या वर्षी मार्चमध्ये एल्वुड गेला. शेडमध्ये नाही, इंजिनात नाही, घरी, टीव्हीसमोर, लोर्ना सूप गरम करत होती. पुरलं त्याला. फायर हॉलमध्ये जेवण होतं, हॅम, कुस्करलेले बटाटे, बायकांनी केलेले केक. कॅमेरेवाले पण आले होते. एक जण रडला. मला मिठी मारून म्हणला, त्या इंजिनांचं आता कसं होणार.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. फोटो तोच, जंक्शनवरचा, हॅझेनच्या खांद्याला धरलेला. खाली लिहिलेलं, एल्वुड रेनिंजर, केटल फोर्क रेल्वेचे ज्येष्ठ ड्रायव्हर.

मी लोर्नाकडं गेले. म्हणलं, "हे कुणी दिलं पेपरात? दुरुस्त करायला सांग."

ती म्हणली, "राहू दे."

"खोटं आहे ते."

"मला माहीत आहे काय आहे ते. चाळीस वर्षं त्या पायांना मी पट्ट्या बांधल्या. मला ते छापलेलं पाहिजे, अर्डिस. राहू दे."

पण माझं डोकं शांत होईना. मर्ल हॅझेन अजून आहे, नव्वदीच्या पुढं, ड्रायबर्गच्या म्हाताऱ्यांच्या घरात. मी गेले. खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसला होता, गुडघ्यावर शाल. कान चांगले आहेत त्याचे. ओळखलं मला.

"एल्वुडची बहीण," म्हणला. "वाईट झालं. मला यायचं होतं, या नर्सा सोडत नाहीत."

"पेपरात ड्रायव्हर कुणी लिहायला सांगितलं?"

"मी." त्याला आनंद झाला मी विचारलं म्हणून. "मुलाला सांगितलं, तसंच छाप. मी कबूल केलं होतं ना त्याला. तुमच्या घरी, नवीन वर्षाला. तू पण होतीस."

मला वाटत होतं तो विसरलाय. इतकी वर्षं मला वाटत होतं, निदान विसरला असेल.

मी म्हणलं, "तुम्हाला आठवत होतं?"

"न आठवायला काय झालं. कोबी होता, आंबवलेला. मी असा शब्द विसरत नाही."

"मग जिवंत होता तेव्हा का नाही दिली जागा?"

त्यानं खिडकीबाहेर बघितलं. विचार केला, खरंच विचार केला, म्हाताऱ्यानं.

"त्यानं परत विचारलंच नाही," म्हणला. "त्या पॅडलनंतर एकदाही नाही. मला वाटलं त्याची हौस फिटली. विचारलं असतं तर दिली असती. क्लेटन काही चांगला नव्हता."

मी उठले. त्याची शाल घसरून खाली पडली होती, ती त्यानं मला दाखवली, बोटानं. मी उचलून दिली नाही.

लोर्नाला मी यातलं काही सांगितलेलं नाही. तिनं ते कात्रण फ्रिजवर लावलंय, चुंबकानं. रविवारी मी तिच्याकडं जेवायला जाते तेव्हा फ्रिजकडं पाठ करून बसते. लोर्ना खुर्ची आधीच तशी फिरवून ठेवते.